वरची बाजू

"कागदाची वरची बाजू?"

"उत्तऽर!"

"खालची?"

"दक्षिऽण!"

"आणि उजव्या हाताची?"

"पूर्वऽ!"

आंबेसांगवीच्या शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसते आणि दोन्ही मिळून पोरं अकरा. अकरा पोरांचा आवाज असून असून किती असणार? पण महारुद्र गुरुजी भूगोल शिकवायला उभे राहिले की तो रस्त्यापलीकडच्या गिरणीपर्यंत जायचा. गणित गुरुजी कर्तव्य म्हणून शिकवत, मराठी आवडीनं शिकवत, पण इतिहास-भूगोल आला की माणूसच बदलायचा. भिंतीवरच्या जिल्ह्याच्या जुन्या नकाशावर त्यांनी स्वतःच्या हातानं 'धाराशिव' अशी चिठ्ठी चिकटवली होती. खालचं जुनं नाव कोपऱ्यातून डोकं काढायचं, मग गुरुजी खळ लावून ते पुन्हा दाबायचे.

त्या दिवशी चौथीतली समृद्धी उभी राहिली. बोलायला लाजणारी पोरगी, पण त्या दिवशी तिला राहवलं नाही.

"गुरुजी, वर म्हंजे येरमाळ्याकडं ना? आमची आजी म्हणती, वर जाऊन येते. म्हंजे येडाईच्या देवळात जाऊन येते."

वर्ग हसला. येरमाळा आंबेसांगवीच्या दक्षिणेला, हे आता सगळ्यांना पाठ झालं होतं.

"तुझ्या आजीला उद्या पाटी-दप्तर घेऊन शाळेत आण," गुरुजी म्हणाले. "तिलाही दिशा शिकवू."

पुन्हा हशा झाला. समृद्धीही हसली आणि खाली बसली. गुरुजींनी खडू उचलला आणि फळ्यावर 'उ' काढून त्याच्या डोक्यावर बाण काढला. गुरुजी भूमचे, तीन वर्षांपूर्वी बदलून आलेले, राहायला येरमाळ्यात. या गावाच्या ओढ्याचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. गावातली माणसं ते कोणत्या शब्दात बोलतात, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

होळी होऊन गेली होती. मागचा पावसाळा कोरडा गेला होता. दुपारी बाहेर पाऊल ठेवलं की चप्पल डांबराला चिकटायची. बोअर आटले, टँकर सुरू झाले आणि आंबेसांगवीचा साठवण तलाव तळाला गेला. या तलावाच्या पोटात जुनं गाव आहे. सव्वीस वर्षांपूर्वी धरणाची भिंत बांधली, तेव्हा गाव उठून माळावर आलं. अर्धी घरं येरमाळ्याला, लातूरला, पुण्याला पांगली. उरली ती ही तीस-पस्तीस. आठ वर्षांपूर्वीच्या दुष्काळातही तळं आटलं होतं, पण जुन्या गावाच्या जागेवर गुडघाभर चिखल राहिला आणि कुणाला आत पाय घालता आला नाही. या साली मात्र पार भेगा पडल्या.

गुरुजींना दुसरं काय हवं होतं? इतिहास आणि भूगोल दोन्ही उघडे पडले होते, तेही शाळेपासून हाकेच्या अंतरावर. एका सकाळी त्यांनी अकरा पोरांची रांग केली आणि तळ्यात उतरवलं.

भेगाळलेल्या गाळात घरांची जोती डोकं वर काढून होती. दगड बरेचसे लोकांनी गाव सोडतानाच उचलून नेले होते. वेशीचा एक चिरा होता, आडाचं तोंड बुजलेलं होतं, आणि मधोमध मारुतीचं जोतं. मूर्ती नव्या गावात नेलेली, पायऱ्या कुणाच्या तरी घराला लागलेल्या, जोतं चारी बाजूंनी ढासळलेलं. पोरं त्यावर चढली. गुरुजी खाली उभे राहिले आणि छत्री जमिनीला टेकवून म्हणाले, "इतिहास म्हणजे नुसत्या लढाया नव्हेत. जे होतं आणि आता नाही, ते कुठं होतं आणि का गेलं हे सांगता आलं, की झाला इतिहास."

चौथीतली तहरीम जोत्याच्या कडेला बसून पाय हलवत होती. वर्गात नकाशा सगळ्यात नीट काढायची ती हीच.

"गुरुजी, मंग आमची फुफी बी इतिहास?"

"कोण फुफी?"

"जैतून फुफी. आब्बाची बहीण. ती हितंच हाय, तळ्यात. दादी म्हणती."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी सहज बोलली होती, घरातलं रोजचं बोलणं असल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना कामाला लावलं. घरोघर जायचं, म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आणि जुन्या गावाचा नकाशा करायचा. मारुतीचं जोतं धरून पावलं मोजायची, कारण तेवढीच जागा पक्की. येरमाळ्याहून मोठा कार्डशीट स्वतः आणून दिला. वरच्या बाजूला तहरीमनं आधीच 'उत्तर' लिहून ठेवलं आणि खाली लाल रेघ मारली.

तिची दादी, हुसेनबी, साठी ओलांडून बरीच पुढं गेलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. उन्हात माणसाची सावली तेवढी कळायची. शेळ्यांना पाणी दाखवणं, तांदूळ निवडणं, अशी हाताला कळणारी कामं तेवढी करायची. नातीनं वही घेऊन समोर बैठक मारली, तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की तिनं सूप बाजूला ठेवलं. तिला जुनं गाव विचारणारं घरात कुणी नव्हतं. मुलगा महेबूब गाव उठलं तेव्हा तीन वर्षांचा होता.

"लिव्ह. मदी मारुती. मारुतीच्या वर मशीद, साठ पावलं. लहानीच होती, दोन घरंच होती आमची. मशिदीच्या वर कबरस्तान. तितनं शंभर पावलं. तिथं चिंच होती."

"आनि फुफी कुठं?"

"चिंचंच्या बुडाला. म्या तिच्या उशाला फुटक्या जात्याचा दगड ठिवलाय. अर्धा. मधलं भोक बी अर्धंच हाय."

तहरीमनं मारुतीच्या वर मशीद काढली, मशिदीच्या वर कबरस्तान काढलं, चिंच काढली आणि चिंचेखाली एक बारीक अर्धगोल काढला. सगळं कागदाच्या वरच्या बाजूला, 'उत्तर' या शब्दाच्या अगदी खाली. गुरुजींनी नकाशा भिंतीवर लावला आणि आठ दिवस येईल त्याला दाखवला. येणारे म्हणजे केंद्रप्रमुख आणि खिचडीचा तांदूळ आणणारा. गावातली म्हातारी माणसं शाळेत कशाला येतील?

तेवढ्यात गाळ काढायचं काम निघालं. तळ्यात पोकलेन उतरलं आणि ज्याला गाळ हवा त्यानं ट्रॅक्टर लावावा असं ठरलं. कामावर देखरेखीला सरपंचाचा पुतण्या कृष्णराज. पंचविशीतला, बोलायला गोड, कामाला वाघ, पण जुनं गाव त्यानंही डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

यंत्र उतरल्याचं कळलं आणि हुसेनबी शाळेत आली. तहरीमचा हात धरून, ऊन चढायच्या आत. आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या उंबऱ्यात आली आणि उंबऱ्यातच बसली. खुर्ची दिली तर नको म्हणाली.

"गुरुजी, तिथं यंत्र चालणार म्हणं. तेवढी जागा सोडायला सांगा. माझं कुणी ऐकत न्हाय. तुमचं ऐकतेत."

"नक्की सांगतो, हुसेनबी."

"पोरगी आठ वर्साची होती. ताप डोक्यात गेला. आमच्यात बायांना मयतीबरूबर जाऊ देत न्हायत. म्या मारुतीच्या पारावरनं बघितलं, तितनं सगळं दिसायचं. नंतर चाळीस दिसांनी म्हटलं, गेले तर गेले, आनि दगड ठिवून आले. मग पानी आलं." तिनं पदरानं डोळे पुसले. "दर शबेबरातीला लोक कबरीवर जातेत, म्या पाण्याच्या काठाला उभी ऱ्हाती. फुलं पाण्यात सोडती. वाऱ्यानं पुन्ना काठालाच येतेत."

गुरुजींनी तिला आत नेलं, नकाशापुढं उभं केलं आणि तिचं बोट धरून कार्डशीटवर ठेवलं. "हा मारुती. ही मशीद. ही तुमची चिंच. सगळं मोजून काढलंय तुमच्या नातीनं. आता कुणाची हिंमत नाही इथं हात लावायची."

हुसेनबीला कागद दिसत नव्हता. तिनं बोटाखालचा गुळगुळीतपणा चाचपला आणि नातीच्या डोक्यावरून हात फिरवला.

गुरुजींनी शब्द पाळला. नकाशाची गुंडाळी घेऊन ते तळ्यात गेले. कृष्णराजनं नकाशा पाहिला आणि खूश झाला. "वा गुरुजी! तलाठ्याकडं सुदिक असला न्हाय." मोबाइलमध्ये दिशा पाहून जोत्यापासून उत्तरेला पावलं मोजली, साठ आणि शंभर, आणि पोरांनी तिथं पांढऱ्या फक्कीचा मोठा चौकोन आखला. पोकलेनवाला वीरप्पा सीमेपलीकडच्या आळंदकडचा. त्यानं खाली उतरून चौकोन पाहिला आणि मान डोलावली. फक्कीच्या आत बकेट जाणार नाही, असं त्यानं स्वतःच्या गळ्याला हात लावून सांगितलं.

आणि बोलता बोलता गुरुजींनी आणखी एक काम साधलं. "कृष्णराज, महेबूबच्या रानालाही गाळ द्या. पुनर्वसनात नुसता मुरूम आलाय बिचाऱ्याच्या वाट्याला. कधीचा पाळी मागतोय."

"तुमी म्हणता तर देऊ की."

महेबूब तीनदा कृष्णराजच्या दारात जाऊन आला होता आणि तीनदा त्याला 'बघू' ऐकावं लागलं होतं. तिसऱ्यांदा तर दारातल्या पोरानंच 'दादा जेवतेत' म्हणून परत धाडलं होतं. गुरुजींच्या एका वाक्यानं पाळी मिळाली.

शुक्रवारी सकाळी जैतूनच्या नावानं फातेहा झाला. महेबूबनं आईला मोटारसायकलवर धरणाच्या भिंतीपर्यंत आणलं आणि पुढं हात धरून चालवलं. भेगांत तिची चप्पल अडकायची, ती थांबायची, सोडवायची आणि पुन्हा चालायची. गुरुजी पोरांना घेऊन चौकोनाशी थांबले होते. तिथं पोचल्यावर ती खाली बसली आणि दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले.

"दगड बघ गं तहरीम. जात्याचा."

तहरीमनं सगळा चौकोन पालथा घातला. दगड नव्हता, चिंचेचं खोडही नव्हतं.

"सव्वीस वर्षांचा गाळ बसलाय," गुरुजी म्हणाले. "दगड खाली दबला असेल."

हुसेनबीनं मान हलवली, पण हात जमिनीवरून उचलले नाहीत. तोंड एकदा इकडं, एकदा तिकडं केलं. ऊन गालाला कुठून लागतंय ते ती बघत होती.

"गुरुजी, मारुतीचं तोंड हिकडंच होतं न्हवं? म्या पारावर बसून बघत होते ना, तवा मारुती बी तिकडंच बघत होता. माझ्यासंगट. ते ध्यानात हाय माझ्या."

गुरुजींनी जोत्याकडे पाहिलं. नुसता दगडांचा ढीग. त्याला पुढा कुठला आणि पाठ कुठली? नव्या देवळात मारुती पूर्वेला तोंड करून बसवला होता, एवढं त्यांना माहीत होतं. जुन्याचं त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. महेबूब टोपी नीट करत वाट पाहत होता. ऊन तापू लागलं होतं. भिंतीवर पोकलेन सुरू करून वीरप्पाही थांबला होता.

"होय," गुरुजी म्हणाले. "इकडंच. नकाशा आहे ना हुसेनबी, तो चुकत नसतो."

मग तिचा चेहरा मोकळा झाला. महेबूबनं दुआ मागितली, उदबत्ती लावली. तिनं हातानं चाचपून फुलं पसरली आणि या वेळी फुलं जिथं ठेवली तिथंच राहिली. मलिद्याचा घास तिनं अकरा पोरांच्या हातावर एकेक ठेवला आणि बारावा गुरुजींच्या. दादी काल दोन भाकरी जेवली, असं दुसऱ्या दिवशी तहरीमनं वर्गात सांगितलं. गुरुजींना त्या दिवशी आपल्या नोकरीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं, आणि खोटं कशाला सांगा, त्यांनी ते बायकोलाही दोनदा सांगितलं.

सोमवारपासून महेबूबच्या रानात गाळ पडू लागला. यंत्र फक्की सोडून मारुतीच्या पलीकडच्या अंगाला लागलं होतं. तिथला गाळ काळा, लोण्यासारखा. ट्रॉल्या माळ चढून यायच्या आणि ढीग टाकून जायच्या. महेबूब आणि त्याची बायको पहाटेपासून फावड्यानं ढीग फोडत, टोपल्यांनी पसरत. खडकावर वीतभर काळी माती चढताना पाहून महेबूबला दम लागलेला कळत नव्हता. हातांना फोड आले, ते फुटले, त्यावर त्यानं चिंध्या गुंडाळल्या. बायकोच्या डोक्यावरची चुंबळ घामानं भिजून काळी झाली. हुसेनबी बांधावरच्या लिंबाखाली बसून हाताला येतील ती ढेकळं लाकडी मोगरीनं फोडायची. नको म्हटलं तरी ऐकायची नाही. या साली तूर चांगली येईल म्हणायची.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरुजी मोटारसायकलवरून येरमाळ्याला निघाले. वाटेत महेबूब रस्त्याच्या कडेला उभा होता. त्यानं हात केला नाही, हाक मारली नाही. नुसता उभा होता. गुरुजींनी गाडी थांबवली.

"काय रे? झाला का गाळ पसरून?"

"गुरुजी, जरा येता का?"

लिंबाखाली हुसेनबी बसली होती. मांडीवर दगड होता. गाळानं माखलेला, अर्धवट पुसलेला, आणि पुसलेल्या जागी जात्याला टाकी लावलेल्या रेघा दिसत होत्या. कडेला अर्धं भोक. तिचं बोट त्या भोकात होतं आणि ते तिथंच फिरत होतं.

"ट्रॉलीत आला," महेबूब म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "म्या फावडं मारलं तर वाजला. उचलून बांधावर फेकणार होतो. अम्मा म्हणाली, काय वाजलं दाखव."

गुरुजी तिथंच ढेकळांत बसले. मग त्यांनी विचारलं, जे महिनाभर आधी विचारायला हवं होतं.

"हुसेनबी, वर म्हणजे कुठं?"

"वर म्हंजे वर. पानी येतं तिकडं. येडाईकडं."

येडाईकडं म्हणजे दक्षिणेला. ओढा येरमाळ्याच्या डोंगरातून उतरतो आणि उत्तरेला मांजरा नदीकडं जातो. गावातल्या प्रत्येक माणसाला पाणी येतं ते वर आणि पाणी जातं ते खाली. अकरा पोरांना मात्र गुरुजींनी महिनाभर घसा फोडून शिकवलं होतं की वर म्हणजे उत्तर. पोरं हुशार होती, त्यांनी शिकवलेलं लक्षात ठेवलं. फक्की पडली खालच्या अंगाला, मोकळ्या जमिनीवर. आणि मारुती ज्या दिशेला बघत बसला होता, तिथं तीन दिवस पोकलेन चाललं होतं.

"तुमाला म्या इचारलं व्हतं, गुरुजी," हुसेनबी म्हणाली. ओरडली नाही, रडलीही नाही. "मारुतीचं तोंड हिकडंच हाय का म्हणून."

गुरुजी उठले.

ते तसेच तळ्यात गेले. वीरप्पानं यंत्र बंद केलं आणि खाली उतरला. "दगड लागले होते गुरुजी, ओळीनं. एक जुनं खोड बी निघालं. मी मालकाला इचारलं. घराच्या पायाचे असतील म्हणाले." कृष्णराजनं हात जोडले. "आमी तर फक्की सोडूनच खांदलं." तो खरं बोलत होता. पुढची खोदाई त्यानं लगेच थांबवली, पण तिथं आता पुरुषभर खोल खड्डा होता आणि खड्ड्याच्या तळाला मुरूम लागला होता.

परतताना नव्या गावच्या पारावर धोंडीबा बसला होता. ऐंशीचा म्हातारा, जुन्या गावचा कोतवाल. दिवसभर तिथंच बसतो. गुरुजी रोज त्याच्यापुढून शाळेत जातात, रामराम घालतात. गुरुजींनी त्याला सगळं सांगितलं.

धोंडीबानं काठी दोन्ही हातांनी धरली. "आरं देवा. फक्की तर म्या बगितली होती की. म्हटलं, शाळंचं कायतरी खेळाचं आसंल." मग तो म्हणाला, "मला इचारायचं ना, गुरुजी. म्या हितंच तर बसलेला असतो."

शाळेत नकाशा भिंतीवर तसाच होता. सकाळी गुरुजींनी तो काढायला हात वर केला आणि पुन्हा खाली घेतला, कारण तहरीम दारातून आत येत होती.

महेबूबनं तीन दिवस रानात पाय ठेवला नाही. ट्रॉल्या बंद केल्या. काय करावं त्याला सुचत नव्हतं. मौलवींना विचारून आला. ते म्हणाले, अजाणता झालं, अल्ला माफ करणारा आहे, दुआ करा. पण कुठल्या ट्रॉलीतली माती कुठं पसरली, हे कोण सांगणार? सगळं रान एकसारखं काळं झालं होतं. गाळ खरवडून परत तळ्यात नेऊन टाकतो, असंही तो एकदा बोलला. चौथ्या दिवशी गुरुजी गेले, तेव्हा घरात हाच विषय चालला होता.

"पुन्ना फावडं मारतो तिला?" हुसेनबी म्हणाली. "एकदा उचलली ती बास. पेर रान. लेकरं काय खातील?" मग तिनं लिंबाकडं हात केला. "तिथं बाजंएवढी जागा सोड. तेवढ्यात नांगर घालू नको. दगड तिथं ऱ्हाऊ दे."

महेबूब तोंड फिरवून उभा राहिला.

गुरुजी निघाले, तेव्हा म्हातारी भिंत धरून अंगणात आली. "गुरुजी, तहरीमला सांगू नका. तिनं लई हौसंनं काढलाय त्यो कागद. तिला वाटंल, आपुनच फुफीला उकरलं. दगडाचं म्हटलंय म्या, तळ्यातनं आणला म्हणून."

"नाही सांगत," गुरुजी म्हणाले. "चूक तिची नाहीच, हुसेनबी. माझी आहे."

ती भिंत धरून पुन्हा घरात गेली. नाही म्हणाली असती तर गुरुजींना जरा हलकं वाटलं असतं.

येडाईची यात्रा झाली, परीक्षा झाली आणि एक मे उजाडला. झेंडावंदन झालं, निकालाचे कागद वाटले. परिसर अभ्यासात तहरीम पहिली आली होती. पोरं गोळ्या चघळत घरी पळाली. गुरुजी कपाट आवरत होते. खरडण्याचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर तहरीम बाकावर उभी राहून नकाशाच्या टाचण्या काढत होती.

"काय करतेस गं?"

तिनं चारी टाचण्या दातांत धरल्या, कार्डशीट उलटा फिरवला आणि पुन्हा भिंतीला लावला. आता मशीद, चिंच आणि तो बारीक अर्धगोल खालच्या बाजूला आले. तिच्या वळणदार अक्षरातला 'उत्तर' शब्द डोकं खाली करून तळाला लटकला. ती खाली उतरली.

"असा पायजे होता गुरुजी. मशीद दक्षिणेला, खाली. उलटा झाला होता."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय. समृद्धी म्हणाली, तिची आजी यात्रंला वर गेलीय. मंग मला कळलं." तिनं फ्रॉकला हात पुसले. "दादीला सांगू नका. तिला वाटतं, मला ठावं न्हाय."

गुरुजी बाकावर बसले. ते तिला म्हणाले, चूक माझी होती. ते म्हणाले, तू शिकवलं तसंच काढलंस. पोरीनं ऐकून घेतलं, पण तिचं लक्ष कागदावर होतं. तिनं दप्तरातून पेन्सिल काढली आणि खोडरबरानं तो अर्धगोल हळूहळू पुसला. कागद तिथं जरा मळकट झाला.

"आता फुफी कुठं काढू? आमचं रान तर ह्या कागदात बसतच न्हाय."

गुरुजी उठले. कपाटात एक कोरा कार्डशीट उरला होता, पुढच्या वर्षीसाठी ठेवलेला. त्यांनी खळीचा डबा उघडला, पहिल्या कागदाच्या कडेला बोटानं खळ लावली आणि दुसरा कागद त्याला जोडला. दोघांनी मिळून तो तळहातांनी दाबला. तहरीमनं रानाचा चौकोन काढला, लिंब काढला, लिंबाखाली बाजेएवढी जागा काढली आणि त्यात तो अर्धा दगड. नाव लिहायला तिनं पेन्सिल टेकवली आणि तशीच धरून मागं वळली.

"गुरुजी, ह्या कागदाची वरची बाजू कंची?"

बाहेर ऊन मी म्हणत होतं. पारावर धोंडीबा बसलेला दिसत होता. गुरुजींनी छत्री उचलली आणि तिचा हात धरला.

"चल," ते म्हणाले, "आधी तुझ्या दादीला विचारून येऊ."